नऊ जणांची साक्ष

मी एकटी डोंगरात जाते हे आमच्या नातेवाइकांना आता माहीत झालं आहे आणि त्यांनी ते माझ्या वयावर ढकलून दिलं आहे. म्हातारी जरा तिरसट आहे, फिरू द्या. मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते पायथ्याच्या टपरीवर. मी चहा घेत उभी असते आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला एखादा पंचविशीतला गडी तीसचाळीस पोरापोरींना मोजत मोजत माझ्याजवळ येतो आणि विचारतो, "काकू, एकट्याच? ग्रुप कुठंय तुमचा?" त्याच्या मागं रंगीबेरंगी तंबूंच्या गुंडाळ्या असतात, बारबेक्यूची जाळी असते, आणि एक भलामोठा स्पीकर असतो, ज्याच्यामुळं रात्रभर त्या डोंगरातल्या एकाही किड्याला स्वतःचा आवाज ऐकू येणार नसतो. मी त्याला उत्तर देत नाही. माझा ग्रुप होता. नऊ जणांचा होता. त्याचं काय झालं ते आता लिहूनच ठेवते.

राजुरीला आमचं घर मळ्यात होतं आणि घरात आम्ही एकोणीस माणसं होतो. थोरले चुलते तात्या हे घराचे कर्ते, माझे वडील अण्णा त्यांच्या शब्दाबाहेर नसलेले, दोघांच्या बायका, एक विधवा आत्या, आणि आम्ही चुलत-सख्खी मिळून सगळी पोरं. विहिरीवरच्या इंजिनाची धडधड, गोठ्यातल्या साखळ्या, परातीत भाकरी थापल्याचा आवाज आणि या सगळ्यावर चढलेला तात्यांचा आवाज, एवढ्यात मी वाढले. एकटं असण्याची आमच्या घरात दोनच कारणं मानली जात, आजारपण आणि रुसवा. तिसरं काही कारण असू शकतं हे कुणाला पटवता आलं नसतं. मी पुस्तक घेऊन कडब्याच्या गंजीवर चढून बसले की चार पानं होत नाहीत तोवर खालून हाक यायची, "सुमी कुठंय? काय झालं तिला?" झोपायचं ओळीनं, न्हायचं ओळीनं, परसाकडं जायचं तेही दोघीदोघींनी. जेवण पंगतीनं, आधी गडी माणसं, मग पोरं, मग बाया. मासवड्या करायच्या दिवशी तर पाच जणी चुलीभोवती दाटीनं बसायच्या. एक बेसन शिजवायची, एक ओल्या फडक्यावर थापायची, एक तीळखोबऱ्याचं सारण पेरायची, एक वळायची, आणि एक नुसती सूचना द्यायची. त्या मासवड्यांची चव मला आजही कुठं मिळाली नाही हे कबूल करते. पण त्या दाटीत माझा जीव गुदमरायचा हेही तितकंच खरं, आणि ते बोलून दाखवलं की आई म्हणायची, "मानसांचा कंटाळा येतो? मानूस न्हाईस का तू?"

जुन्नरच्या कॉलेजात जायला लागले तेव्हा तात्यांचा थोरला मुलगा विलासदादा तिथंच शेवटच्या वर्षाला होता. आज लिहितानाही मी त्याला दादा म्हणते ती सवय आहे, आदर नव्हे. उंच, देखणा, आवाज तात्यांचाच, आणि कुठंही गेला की चारजण मागं असलेच पाहिजेत अशा जातीचा. त्याचं डोंगर चढणाऱ्यांचं एक टोळकं होतं. कॉलेजातून मागून आणलेला कॅनव्हासचा एक तंबू त्यांच्याकडं होता. तो ओला नसतानाही ओल्या पोत्यासारखा वास मारायचा आणि उचलायला दोघंजण लागायचे. मला डोंगर हवा होता. तो मिळायचा एकच रस्ता होता आणि तो विलासदादाच्या मागून जात होता.

त्या वैशाखात परीक्षा संपल्या होत्या आणि घरात कांदा काढायची धांदल होती. मी विचारलं तेव्हा मला वाटलं तात्या खुरपं फेकून मारतील. ते म्हणाले, "विलास हाय ना बरूबर? मग जाऊ द्या पोरीला. येकटीदुकटी थोडीच चाललीय." इतकं सोपं होतं ते. सोबत असली की पोर कड्याच्या टोकावर झोपली तरी चालत होतं, आणि सोबत नसली तर शेताच्या बांधापलीकडं जाता येत नव्हतं. सात पोरं आणि आम्ही दोघी मुली. दुसरी शोभा, विलासदादाच्या मित्राची, सुरेशची बहीण. आम्हाला का घेतलं हे घोडेगावच्या स्टँडवरच कळलं, जेव्हा पिठाचा डबा, तवा आणि कांद्याची पिशवी आमच्या दोघींच्या पाठीवर आली.

एस.टी. शिनोलीच्या पुढं गेली, डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ आले, आणि रस्ता संपला तिथं आम्ही उतरलो. तिथून पायी. मी इतके दिवस ज्याची वाट पाहत होते तो हा डोंगर, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही मिळालं नाही. एकजण ताटावर चमचा वाजवत होता, दोघं गाण्याच्या भेंड्या लावत होते, कुणी थांबलं की सगळ्यांनी थांबायचं, कुणी पळालं की सगळ्यांनी पळायचं. एक पक्षी मधूनच शीळ घालत होता. मी मान वर केली की कुणीतरी विचारायचं, "सुमे, दमलीस काय?" मी दमले नव्हते, वैतागले होते. पण खोटं कशाला बोलू, त्या टोळक्यात आपण आहोत याचा मला अभिमानही होता. वाटेत भेटणारी माणसं "या पावणं, या" म्हणत होती, ताक देत होती, कुठून आलात विचारत होती. नऊ जण म्हटल्यावर कुणाला काही शंका येत नव्हती.

वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या शनिवारी तिथं आणखी शंभर तंबू लागतील. वाडीपासून दहा मिनिटांवर, झाडी ओलांडली की कडा होता. खाली कोकण. ऊन अजून बरंच वर होतं. कड्याला लागून एक सपाट कातळ होता, अंगणासारखा स्वच्छ, आणि त्यावर दोन खळ्यांएवढ्या जागेत काळपट, सुरकुतलेलं, बोटाच्या पेराहून लहान असं काहीतरी पसरलेलं होतं. भोवती हातभर अंतरावर एकेक दगड मांडलेला होता, गोल. विलासदादानं बुटानं ते थोडं सारलं आणि म्हणाला, "शेळ्यांच्या लेंड्या हायेत. झाडून काढा, तंबू हितंच लावू. गवतात इच्चूकाटा असतोय."

आम्ही देशावरची माणसं. ऊस, कांदा, बाजरी ओळखायचो. डोंगरातली माणसं चैत्र-वैशाखात हिरड्याची कोवळी फळं काढतात, कातळावर वाळवतात, आणि त्या बाळहिरड्यावर त्यांचं वर्षाचं मीठमिरची आणि लुगडं निघतं, हे आमच्यातल्या कुणाला माहीत नव्हतं. झाडं घराघरांत वाटलेली असतात. कातळावर पसरलेल्या हिरड्याभोवती दगड मांडले की तो कुणाचा तरी आहे एवढं सगळ्या वाडीला कळतं, आणि मग त्याला राखण लागत नाही, हेही मला खूप नंतर कळलं. पण हिरडा मला ओळखता येत होता. आमच्या घरात पाळण्यात कायम कुणीतरी असायचं, आणि त्या पोराला गुटी द्यायची तर सहाणेवर हिरडा उगाळायचं काम माझं होतं. मी खाली वाकून एक उचललं, हुंगलं, आणि खात्री करायला दातात धरलं. तुरट. जीभ आखडली.

मी "दादा, हे" एवढंच म्हणाले असेन. विलासदादानं वळून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "आरं बघा, सुमी लेंड्या खाती." सगळे हसले. सुरेश तर कातळावर बसून हसला. शोभाही तोंडाला पदर लावून हसत होती. मी ते थुंकलं, आणि मीही हसले. मग जांभळीची एक डहाळी मोडून घेतली आणि त्यांच्याबरोबर झाडायला लागले. कड्याच्या टोकापर्यंत लोटत न्यायचं आणि खाली सोडून द्यायचं. खाली पडताना त्याचा आवाज येत नव्हता. पोतं-दोन पोती तरी असेल. शेवटचा ढीग मी लोटला. मला माहीत होतं ते काय आहे. हे वाक्य मी आजवर फार थोड्या माणसांना सांगितलं आहे आणि त्यातल्या प्रत्येकानं मला समजावलं आहे की तू लहान होतीस. मी एकोणीस वर्षांची होते.

भोवतीचे दगड कामाला आले. कातळात खुंट्या शिरणार नव्हत्या, म्हणून तंबूच्या दोऱ्या चारपाच दगडांना बांधल्या, आणि तीन दगडांची चूल केली. मी आणि शोभानं भाकऱ्या भाजल्या, घरून आणलेल्या सुक्या मासवड्या वाढल्या, आणि सगळ्यांनी आमची तारीफ केली.

सकाळी चहा उकळत होता तेव्हा ती आली. माझ्या आईच्या वयाची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, काखेत टोपली आणि खांद्यावर रिकामं पोतं. नाव हौसाबाई, तेही मला नंतर कळलं. ती तंबूपाशी येऊन उभी राहिली आणि कातळाकडं बघत राहिली. मग चुलीकडं बघितलं. दगड काळे झाले होते.

"हितं माजा हिरडा व्हता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. चुकीच्या जागी आलो की काय अशी शंका होती.

विलासदादाला त्या क्षणी कळलं. मी त्याचं तोंड बघत होते म्हणून सांगते, त्याला कळलं. तो उठून उभा राहिला आणि अगदी मऊपणानं म्हणाला, "हिरडा? न्हाई बा, मावशी. आमी काल आलो तवा कातळ मोकळाच व्हता."

"आन ह्ये दगुड?"

"दगड व्हते. तेवढेच व्हते. चुलीला घेतले. चुकलं असंल तर परत ठिवतो."

तिनं एकेकाकडं पाहिलं. "खरं का रं?" सुरेश म्हणाला, खरं. मागचे दोघं म्हणाले, खरं. एकानं तर वर सांगितलं की माकडं लई दिसली काल. मग ती आमच्याकडं वळली. शोभा चहात बघत होती.

"बाय, तू सांग," हौसाबाई मला म्हणाली. "तू लेकीवानी हायस. हितं काय व्हतं का न्हवतं?"

आठ जण माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "नाही मावशी. आम्ही आलो तेव्हा काहीच नव्हतं."

तिनं खांद्यावरचं रिकामं पोतं खाली घेतलं. मग त्याची घडी घातली आणि आमच्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मंग चांगुणीनंच न्हेला. थोरल्या झाडापायी वरीसभर त्वांड वाकडं करून हाय. पन धाकटी जाऊ कातळावं हात घालंल आसं न्हवतं वाटलं." आणि गेली. झाडीआड ती दिसेनाशी झाली तेव्हा विलासदादा म्हणाला, "मिटलं. आवरा लवकर." पुढं काय मिटलं आणि काय सुरू झालं ते पाहायला आम्ही थांबलो नाही. उतरताना निम्म्या वाटेतच त्याचा विनोद झाला होता, आणि राजुरीला पोचेपर्यंत तो चांगला घोटला गेला होता. त्या दिवशीच्या पंगतीत विलासदादानं लेंड्यांची गोष्ट सांगितली, मी कसं तोंडात घातलं ते करून दाखवलं, आणि तात्या ठसका लागेपर्यंत हसले. सगळ्या राजुरीला खरं काय झालं ते माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त त्या वाडीला. आई चुलीपाशी भाकरी उलटत होती. तिनं मला एवढंच विचारलं, "कुनाचा व्हता गं त्यो?" मी म्हणाले, माहीत नाही.

तीन आठवडे मी कसे काढले ते लिहीत बसत नाही. घरात दुसरं तोंड नव्हतं ज्याच्याशी बोलावं, आणि बोलायला जागाही नव्हती. मला सारखं चांगुणा हे नाव ऐकू यायचं. मी तिला पाहिलंही नव्हतं. शेवटी एक दिवस मी बेल्ह्याला मावशीकडं जाते म्हणून सांगितलं. अण्णांनी मला स्टँडवर सोडलं, ते वळले, आणि मी उलट्या दिशेच्या गाडीत बसले.

डोंगरात एकटी मी त्या दिवशी पहिल्यांदा गेले. काय बोलायचं ते घोकत होते, आणि तरीही, सांगायला लाज वाटते, मला ते चालणं आवडलं. माझ्या पावलांचा आवाज मला येत होता. तो शीळ घालणारा पक्षी मी थांबून पाहिला, निळाकाळा, ओढ्यातल्या दगडावर बसलेला, आणि मला कुणी विचारलं नाही की दमलीस काय. पण या वेळी "या पावणं" कुणी म्हटलं नाही. आधी ताक दिलेल्या घरातली बाई मला बघून दारातून आत गेली. एक गुराखी आडवा आला. "कुनाची पोर? संगं कोन हाय?" मी म्हणाले, कुणी नाही. "पळून आलीस व्हय?" मी नाही म्हणाले. त्याचा विश्वास बसला नाही. तो वीस पावलं मागं ठेवून वाडीपर्यंत माझ्यामागं आला. वाईट हेतूनं नाही, सापडलेली वस्तू चावडीवर नेऊन द्यावी तसा.

हौसाबाईच्या घराला लांबलचक ओटी होती आणि तिच्या बरोबर मधोमध कारवीच्या काड्यांचा नवा कुड घालून घराचे दोन भाग केलेले होते. शेणाचं सारवण अजून पुरतं वाळलं नव्हतं. मी दारातच उभी राहून एका दमात सांगून टाकलं. हिरडा आम्ही लोटला. कड्याखाली. तो हिरडा आहे हे मला माहीत होतं.

ती खाली बसली. मग म्हणाली, "मंग त्या दिशी का न्हाई बोल्लीस?"

"सगळे होते."

"सगळे व्हते म्हून खोटं बोल्लीस?"

मी हो म्हणाले.

"म्या जावंला देवाम्होरं उबी केली," हौसाबाई म्हणाली. "सगळ्या वाडीदेखत बेलभंडार उचलून शपत घ्याय लावली. तिनं उचालला, म्या हात लावला न्हाई म्हनली. तरी कुनी इस्वास न्हाई ठिवला. का, तर नऊ जनांनी सांगितलं कातळ मोकळा व्हता. नऊ परकी मानसं, त्यांना खोटं बोलून काय मिळायचंय? आता तिच्या घरचं पानी कुनी पीत न्हाई." तिनं कुडाकडं हात केला. "मला काय सांगतीस? तिकडं जाऊन सांग."

कुडापलीकडं चांगुणा नाचणी पाखडत होती. माझ्याहून फार तर सातआठ वर्षांनी मोठी. तिनं सगळं ऐकलं होतं, कारवीच्या कुडातून काय ऐकू येत नाही. तिनं सूप खाली ठेवलं, माझा दंड धरला आणि मला ओढतच देवळापुढं नेलं. तिच्या हातात फार जोर होता. गुराख्यानं आधीच चार माणसं गोळा केली होती, हळूहळू वाडी जमली. ज्याला सगळे बाबा म्हणत होते तो एक म्हातारा पायरीवर बसला होता. मी पुन्हा सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, झालं, आता सुटलं.

बाबांनी शांतपणे विचारलं, "तुला हितं आनली कुनी?"

"मीच आले."

"येकटी?"

"हो."

"घरी ठावं हाय?"

मी खोटं बोलायचं नाही असं ठरवून आले होते. नाही म्हणाले. माणसांत कुजबुज झाली.

"पोरी," बाबा म्हणाले, "घरच्यांना फशिवून येकटी डोंगुर चढून आलेली तू. तुज्या शब्दाला आमी काय म्हून मानायचं? त्या दिशी नऊ जनांत व्हतीस तवा येक बोल्लीस, आज येकटी हायस तर दुसरं. चांगुणीच्या म्हायेरच्यांनी तर न्हाई ना तुला पढवून धाडली?" चांगुणा काहीतरी बोलायला गेली, त्यांनी हातानं थांबवलं. "नऊ जनांनी सांगितल्यालं येकटीनं पुसत न्हाई. जा, त्यांना घिऊन ये. सगळे नगं. चारजन आले तरी आमी मानू."

हौसाबाई गर्दीत उभी होती. तिला माझं पटलं होतं, मी तिच्या डोळ्यांत पाहिलं होतं. तिनं एक शब्द उच्चारला असता तर पुरे होतं. पण तिनंच जावेला देवापुढं उभं केलं होतं, सगळी वाडी तिच्या बाजूनं उभी राहिली होती, आणि आता त्या सगळ्यांपुढं ती काही बोलली नाही. मी तिच्याकडं बघत राहिले. ती जमिनीकडं बघत राहिली. तिला नावं ठेवायचा मला हक्क नाही, तरी मी कित्येक वर्षं ठेवली.

वेशीपर्यंत चांगुणा सोबत आली. तिनंच तांब्याभर पाणी दिलं. "कवा येशील?" मी म्हणाले, आठ दिवसांत. तिनं मान हलवली.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. बेल्ह्याची मावशी नेमकी त्याच दिवशी आमच्याकडं आली होती. ओटीवर सगळं घर बसलं होतं. मी हिरड्याचं सांगितलं, चांगुणाचं सांगितलं, बेलभंडाराचं सांगितलं, आणि तात्यांनी सगळं ऐकून एकच शब्द विचारला, "येकटी?" त्यांना दुसरं काही ऐकूच आलं नव्हतं. अण्णांनी माझ्यावर आयुष्यात पहिला आणि शेवटचा हात उचलला, तोही हिरड्यासाठी नाही. विलासदादा म्हणाला, "तुला कुणी सांगितलं व्हतं शहाणपन करायला? मिटल्यालं उकरून काढलंस. आता आमी सगळ्यांनी जाऊन तिथं तोंडाला काळं फासून घ्यायचं का?" मी म्हणाले, हो. तो हसला.

मी एकेकाकडं गेले. एकाला नोकरीची मुलाखत होती. एकजण म्हणाला, विलास आला तर मी येतो, आणि त्याच्यापुढचे तिघंही शब्दशः तेच म्हणाले. शोभा रडली, पण तिचं लग्न ठरत होतं. सुरेश एकटा म्हणाला, "येतो. तुझं खरं आहे. सोमवारी घोडेगावच्या स्टँडवर थांब." या वेळी मी घरी खरं सांगून निघाले. कुणी अडवलं नाही, कुणी बोललंही नाही. घोडेगावच्या स्टँडवर मी तीन गाड्या सोडल्या. प्रत्येक गाडीतून उतरणारं प्रत्येक तोंड पाहिलं. सुरेश आला नाही. पुढं तो मला भेटला तेव्हा म्हणाला की तो निघाला होता, पण रस्त्यात विलास भेटला. मी त्याला शिवी दिली. ती इथं लिहिण्यासारखी नाही, पण मागे घेण्यासारखीही नाही.

चौथ्या गाडीनं मी एकटीच गेले. चांगुणा वेशीवरच होती. रोज येऊन बसत होती की त्या दिवशीच आली होती कोण जाणे. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही, माझ्या मागं वाटेकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी काहीतरी बोलायला लागले, पुन्हा प्रयत्न करते असलं काहीतरी.

"पुन्यांदा हिकडं येऊ नगंस," ती म्हणाली. "आलीस तर येकटी येऊ नगंस."

त्यानंतर मी कुणाबरोबर डोंगरात गेले नाही. नोकरी केली, संसार केला, नवऱ्याला पहिल्याच वर्षी सांगून टाकलं की हे माझं मी करणार. त्यानं कधी अडवलं नाही आणि कधी समजूनही घेतलं नाही. जुन्नर-आंबेगावातला जवळजवळ प्रत्येक घाट मी पाठीवर पिशवी टाकून उतरले आहे, ओढ्याकाठी राहिले आहे, देवळात झोपले आहे. लोकांना वाटतं मला एकांताची आवड आहे. आवड आहेच. पण खरं कारण असं की पाचसहा माणसं एका सुरात हसायला लागली की मला माझा भरवसा वाटत नाही. त्या एका कड्यावर मात्र मी पुन्हा गेले नाही. एकटी येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि दुसरं कुणी माझ्याकडं नव्हतं.

विलासदादा आता पंचायत, सोसायटी, सगळं भोगून निवांत झाला आहे. त्या आठांतले तिघं गेले. गेल्या वर्षी घरातल्या एका लग्नात जेवणं झाल्यावर त्यानं पोरांना गोळा करून लेंड्यांची गोष्ट सांगितली, माझ्याकडं बोट करून, मी कसं तोंडात घातलं ते करून दाखवत. पोरं हसली. एकीनं तर त्याचा व्हिडिओ काढला. सगळी पांगल्यावर मी त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, दादा, आपण दोघं एकदा वर जाऊन येऊ.

तो एकदम खूश झाला. "जाऊ की. आता वरपर्यंत डांबरी हाय. पोरांना पन घिऊ, तिकडं तंबूबिंबू भाड्यानं मिळत्यात."

"तंबू नको. चांगुणाबाई असली तर तिच्या वाडीपुढं सांगून यायचंय."

त्यानं पान तोंडात एका बाजूला सारलं आणि माझ्याकडं पाहिलं. कपाळाला आठ्या घालून त्यानं खरोखर आठवायचा प्रयत्न केला.

"कोन गं चांगुणाबाई?" त्यानं विचारलं.

तो खोटं बोलत नव्हता.